पाय कापला तरी दुखणं राहतं, आणि त्यावर इलाज आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत प्लास्टिक सर्जरीवर अख्खं पान आलं होतं, ते वाचून लिहितेय. लेख चांगला होता, नाक सरळ करणं, पोटाची चरबी काढणं, टकलावर केस लावणं, खर्च किती, सुट्टी किती दिवसांची घ्यावी लागते सगळं नीट दिलं होतं. पण आमच्या भागातल्या माणसाला प्लास्टिक सर्जन ज्या कामासाठी लागतो त्याबद्दल त्यात एक ओळसुद्धा नव्हती. तेच मला खटकलं, कारण हे माहीत नसल्यामुळे लोकांचे वाचू शकणारे पाय जातात, आणि पाय गेल्यावर जे दुखणं मागे राहतं ते लोक वर्षानुवर्षं नशीब म्हणून सोसत बसतात.

मी बार्शीत फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणारे बरेचसे लोक गुडघेदुखी कंबरदुखीचे, बाकीचे अपघाताचे. कोणाचा हात कडबाकुट्टीत गेलेला, कोणी मळणी मशीनच्या पट्ट्यात अडकलेला, कोणावर उसाची ट्रॉली उलटलेली, कोणी मोटरसायकलवरून पडून नडगी फुटलेला, कोणाची शुगरने टाच सडलेली, एखादी बाई भाजून मान छातीला चिकटलेली. या सगळ्यांना प्लास्टिक सर्जन लागतो आणि यातल्या बहुतेकांनी तो कधी बघितलेलाच नसतो. सुचवलं तर म्हणतात, मॅडम आम्हाला काय आता हिरो व्हायचंय का.

नडगीचंच घ्या. स्वतःच्या पायाला हात लावून बघा, गुडघ्याखाली पुढच्या बाजूला कातडी आणि हाड यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नाहीये. तिथे हाड मोडून बाहेर आलं की ऑर्थोचे डॉक्टर बाहेरून रॉड लावून हाड धरून ठेवतात, ते काम होतं, पण वरचं कातडं चेंदून गेलेलं असतं आणि हाड उघडं. मग घरचे विचारतात मांडीची कातडी काढून लावा ना. पण ती पातळ कातडी उघड्या हाडावर धरत नाही, कारण ती खालच्या मांसातून रक्त घेऊन जगते आणि वरचा पापुद्रा निघालेल्या कोरड्या हाडातून तिला ते मिळत नाही. तिथे फ्लॅप लागतो, म्हणजे कातडी, चरबी, कधी कधी स्नायू, आपल्या स्वतःच्या रक्तवाहिनीसकट उचलून आणलेला जिवंत तुकडा. जखम गुडघ्याजवळ असेल तर पोटरीचा वरचा स्नायू फिरवून पुढे आणतात, नडगीच्या मध्यावर असेल तर त्याच्या खालचा स्नायू वापरतात, आणि घोट्याजवळ मोठी जखम असेल तर तिथे फिरवायला स्नायूच उरलेला नसतो म्हणून पुष्कळदा मांडीचा नाहीतर पाठीचा अख्खा तुकडा सोडवून काढतात आणि त्याची रक्तवाहिनी पायातल्या रक्तवाहिनीला मायक्रोस्कोपखाली जोडतात. दोन-तीन मिलिमीटरची रक्तवाहिनी, केसाहून बारीक दोरा, तासन्‌तास चालणारं ऑपरेशन. आणि त्याच्यानंतर पहिले काही दिवस सिस्टर तासातासाला येऊन फ्लॅपवर बोट दाबून बघते, पांढरं पडून लगेच परत गुलाबी आलं तर ठीक, निळसर दिसायला लागलं तर रात्री दोन वाजता परत ऑपरेशन थिएटरमध्ये. नातेवाइकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, या दिवसांत बिडी, तंबाखू, मिश्री काही म्हणजे काही चालत नाही, निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात आणि जोडलेला तुकडा मरू शकतो. मिश्रीचं मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडच्या बायका ती व्यसनात धरतच नाहीत, डॉक्टरांनी विचारलं तर नाही म्हणतात आणि डबी पिशवीत असते.

आता हे सगळं परदेशातून काल-परवा आलंय असं कोणाला वाटत असेल तर तसंही नाहीये. मायक्रोस्कोपखाली तुकडा जोडायचं काम १९७३ पासून होतंय, म्हणजे पन्नास वर्षं झाली. आणि कातडी तिच्या रक्तपुरवठ्यासकट फिरवायची ही कल्पना तर आपल्या पुण्याजवळ लोक करत होते हे जगाला कळलं तेसुद्धा एका संपादकाला आलेल्या पत्रातूनच. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ते छापलं गेलं. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेत बैल हाकणारा मराठी माणूस, टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला, वर्षभर तो तसाच राहिला आणि मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवीन नाक बसवलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचं, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, तेवढी कातडी कापायची पण भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची म्हणजे रक्त चालू राहतं, मग ती खाली वळवून बसवायची आणि कात लावून चिकटवायची, आणि साधारण पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापायची. ते वाचून इंग्लंडमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तसंच ऑपरेशन केलं आणि पुढे युरोपभर ते गेलं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला, जे.जे.मध्ये डॉ. नोशीर अंटिया यांनी कुष्ठरोग्यांची वाकडी बोटं आणि बसलेली नाकं दुरुस्त करण्यात उमर घालवली. म्हणजे आपल्या राज्याला या विषयाची ओळख नवीन करून द्यायची गरज नव्हती खरं तर. कावसजीच्या गोष्टीत मला मात्र कायम वाटतं की नाकाचं सगळं लिहून ठेवलं, चित्र काढलं, पण त्याचा तो कापलेला हात दुखत होता का हे कोणी विचारलेलं दिसत नाही. आजही नेमकं तेच चाललंय, त्याकडे येतेच.

आधी वेळेचं सांगते. युगोस्लाव्हियात ल्युब्ल्याना शहरात मार्को गोडिना नावाचे सर्जन होते, त्यांनी ५३२ पेशंटचा हिशोब मांडला, तो १९८६ साली छापून आला. अपघातानंतर ७२ तासांच्या आत जखम साफ करून फ्लॅपने झाकली तर फ्लॅप वाया जायचं प्रमाण ०.७५ टक्के, ७२ तासांनंतर ते तीन महिन्यांपर्यंत केली तर १२ टक्के. इन्फेक्शन आधीच्या गटात १.५ टक्के, नंतरच्या गटात १७.५ टक्के. त्यानंतर व्हॅक्यूमचं ड्रेसिंग आलं, साधनं सुधारली, त्यामुळे थोडा जास्त वेळ मिळतो हे खरं, पण लवकर झाका हा मुद्दा जागेवरच आहे. आणि आपल्याकडे काय होतं, तर उघड्या हाडावर रोज ड्रेसिंग, पाच आठवडे, सहा आठवडे, घरचे म्हणतात जखम भरतेय, कडेने भरते पण मध्ये हाड काळं पडत जातं, पू यायला लागतो, मग मोठ्या गावाला रेफर. तिथपर्यंत पैसे संपलेले असतात.

कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलने यावर मोठं काम केलंय. तिथे हाडाचे आणि प्लास्टिकचे सर्जन पहिल्याच दिवशी एकत्र जखम बघतात आणि पाय ठेवायचा की नाही हे ठरवायला त्यांनी स्वतःचा एक स्कोअर बनवला, कातडी किती गेली, हाड किती गेलं, स्नायू आणि नर्व्ह (मज्जातंतू) किती गेली, पेशंटला शुगर वगैरे आहे का, असं मोजून १४ किंवा खाली आला तर पाय वाचवायला बघा, १७ किंवा वर गेला तर कापण्याचा विचार करा, मधल्यांचं त्या त्या पेशंटकडे बघून ठरवा. आपल्याच देशातल्या शेतकऱ्यांच्या आणि ड्रायव्हर लोकांच्या जखमा बघून तयार झालेली गोष्ट आहे ही, तामिळनाडूत होऊ शकतं तर सोलापूर जिल्ह्यात का नाही हा माझा साधा प्रश्न आहे.

पाय कापणं म्हणजे डॉक्टर हरले असं मी म्हणत नाहीये हां. अमेरिकेत ५६९ गंभीर जखमी पेशंटवर अभ्यास झाला होता, २००२ साली छापला, त्यात दोन वर्षांनी पाय वाचवलेले आणि पाय कापलेले यांची एकूण अवस्था साधारण सारखीच निघाली. वाचवलेला पाय जर बधिर, ताठ आणि सारखा पू येणारा असेल तर त्याच्यापेक्षा चांगला स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पायाचा भाग, आणि चांगला जयपूर फूट केव्हाही बरा, मी स्वतः अशा पेशंटना हे तोंडावर सांगते. पण कापायचाच असेल तर तो नीट कापा, आणि नीटमध्ये नर्व्ह येते. माझं सगळं म्हणणं इथे आहे.

कापताना जुनी पद्धत अशी की नर्व्ह ओढायची, वर कापायची आणि सोडून द्यायची, ती मांसात आत सरकते आणि काम संपलं. पण नर्व्ह कापली म्हणजे संपली असं नसतं. तिचं टोक परत वाढायला लागतं, आपला स्नायू आपली कातडी शोधत पुढे येतं, आणि पुढे तर काहीच नसतं, म्हणून छाटलेल्या बाभळीला जशी वेडीवाकडी फूट येते तशी तिथल्या तिथे फुटून गाठ तयार होते. याला न्यूरोमा म्हणतात. प्रत्येकाचा दुखतो असं नाही, पण ज्याचा दुखतो त्याला जयपूर फूटचा सॉकेट नुसता टेकला तरी करंट बसतो. याच्या बरोबरीनं दुसरं दुखणं असतं ते नसलेल्या पायाचं. अंगठा नाही पण अंगठ्यात सुई, तळवा नाही पण तळव्याची आग. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैनिकांवर उपचार केलेल्या सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ साली याला फँटम लिंब असं नाव दिलं, म्हणजे दीडशे वर्षं झाली नाव मिळून, आणि आमच्याकडे अजून पेशंटला सांगतात की हे तुमच्या मनाचे खेळ आहेत, कोणी बाहेरचं बघायला सांगतं, कोणी म्हणतं कापलेला पाय नीट पुरला नसेल.

माझ्याकडचे एक पेशंट आहेत, ट्रॅक्टर चालवायचे, नाव-गाव लिहीत नाही. नडगीची जखम, तेच ते ड्रेसिंग, शेवटी गुडघ्याखाली पाय कापला. स्टंप वरून एकदम सुंदर भरला होता, टाक्यांची रेघ स्वच्छ. कृत्रिम पाय मिळाला, तो घरात कोपऱ्यात उभा, आणि हे कुबडीवर. विचारलं तर म्हणायचे लागतो. सगळ्यांना वाटायचं माणूस आळशी झाला, दारू प्यायला लागला, कामाला जायची इच्छा नाही. मी स्टंप तपासताना बाहेरच्या बाजूला एका ठिकाणी बोटाने हलकी टिचकी मारली तर ते अक्षरशः टेबलावरून उडाले आणि म्हणाले मॅडम, करंट पार करंगळीत गेला. करंगळी नाहीये त्या पायाला. त्यांना विचारलं की आत्तापर्यंत कोणी असं टिचकी मारून बघितलं का, तर नाही. ज्या दवाखान्यात पाय कापला तिथे ते किती वेळा दाखवायला गेले, प्रत्येक वेळी गोळ्या वाढवून दिल्या आणि घरी पाठवलं. गोळ्या वाईट नाहीत, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अॅमिट्रिप्टिलिन याने पुष्कळांना आराम पडतो, पण यांना दिवसभर गुंगी यायची आणि रात्री दुखायचं ते दुखायचंच.

मी त्यांना पुण्याला एका प्लास्टिक सर्जनकडे पाठवलं. त्यांनी आधी त्या दुखऱ्या जागी भुलीचं इंजेक्शन दिलं, आणि काही तास तो माणूस दुखण्याशिवाय बसला, बायकोला फोन करून सांगितलं की थांबलंय. हे इंजेक्शन म्हणजे चाचणीच असते, गाठ बधिर केल्यावर दुखणं थांबलं तर ऑपरेशनचा फायदा व्हायची शक्यता चांगली. मग ऑपरेशन झालं. आज सगळं गेलंय असं नाही, थंडीत त्रास होतो, पायाची जाणीव अजून आहे, पण जयपूर फूट घालून ते शेतात जातात आणि रात्री झोपतात. घरचे ज्याला आळस म्हणत होते तो आळस नव्हता.

ते ऑपरेशन काय असतं ते लिहिते कारण हे बहुतेकांना माहीतच नसतं. एक पद्धत अशी की गाठ कापून काढायची आणि नर्व्हचं ताजं टोक शेजारच्या स्नायूत जाणाऱ्या छोट्या नर्व्हला शिवून टाकायचं, म्हणजे वाढणाऱ्या धाग्यांना पोचायला जागा मिळते आणि ते गाठ करत बसत नाहीत. याला टीएमआर म्हणतात. शिकागोत टॉड क्युकेन आणि ग्रेगरी डुमानियन यांनी २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत हे सुरू केलं ते खरं तर विजेवर चालणारा कृत्रिम हात पेशंटला नुसत्या विचाराने हलवता यावा म्हणून, आणि मग लक्षात आलं की या लोकांचं दुखणं पण कमी झालंय. २०१९ साली त्यांनी २८ पेशंटवर रीतसर तुलना करून छापलं, नर्व्ह नुसती स्नायूत पुरण्यापेक्षा या पद्धतीनं नसलेल्या पायाचं दुखणं जास्त कमी होत होतं. दुसरी पद्धत मिशिगनमधल्या पॉल सेडर्ना यांच्या टीमची, तिला आरपीएनआय म्हणतात, ती तर अजून सोपी आहे, स्नायूचा दोन-तीन सेंटिमीटरचा छोटा तुकडा घ्यायचा आणि नर्व्हच्या टोकाभोवती गुंडाळून शिवायचा. महागडं इम्प्लांट काही लागत नाही. आणि पाय कापतानाच केलं तर तो स्नायू कापलेल्या पायातूनच मिळतो, दुसरीकडे चीर द्यायची पण गरज नाही! थोडा वेळ जास्त जातो, बस्स. त्याच वेळी करून टाकलं तर पुढे दुखणं कमी राहतं असे अनुभव छापून आलेत, आणि नंतर दुखायला लागल्यावर परत भूल, परत ऑपरेशन, परत खर्च यापेक्षा ते बरंच. शुगरवाल्या आणि पायातल्या रक्तवाहिन्या बंद झालेल्या पेशंटना जखम भरायचाच प्रश्न असतो, त्यांच्यात जपून ठरवावं लागतं, सगळ्यांना सरसकट करा असं मी म्हणत नाही.

ऑपरेशनशिवायही पुष्कळ करता येतं. स्टंपला नीट क्रेप बँडेज बांधणं, तो रोज चोळून हाताळायची सवय लावणं, आणि आरशाचा व्यायाम. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० नंतर हा सुरू केला, दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा, चांगला पाय हलवायचा आणि आरशात बघायचं, मेंदूला गेलेला पाय हलताना दिसतो आणि आवळून बसलेला तो पाय काही जणांचा मोकळा होतो. बाजारातून आणलेल्या साध्या आरशावर हे घरी होतं. मी करून घेते, काहींना खूप फरक पडतो, काहींना काहीच नाही, पण खर्च नाही आणि नुकसान नाही.

आता पैशांचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे आणि प्लास्टिक सर्जरीची ऑपरेशनं त्यात येतात, सौंदर्यासाठीची तेवढी येत नाहीत, जखमेची येतात, हे लोकांना माहीतच नाही. रस्ते अपघातासाठी केंद्राची २०२५ची कॅशलेस योजना आली, दीड लाखापर्यंत, पहिले ७ दिवस. चांगली आहे. पण ७ दिवसांत तो पेशंट प्लास्टिक सर्जनपर्यंत पोचलाच नाही तर त्या दीड लाखाचं फक्त ड्रेसिंग होणार. देशात २०२२ साली रस्ते अपघातात ४ लाख ४३ हजारांवर माणसं जखमी झाली. तालुक्याच्या गावी प्लास्टिक सर्जन नसतो हे मी समजू शकते, पण जिल्ह्याच्या ठिकाणी एक तरी हवा, आणि तो येईपर्यंत निदान फोटो पाठवून पहिल्या दिवशी सल्ला घ्यायची सोय तरी सरकारने लावावी, मोबाइलवर लग्नाचे शंभर फोटो जातात तर जखमेचे चार जायला काय हरकत आहे. पाय कापायच्या ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये नर्व्हच्या कामाचे पैसे वेगळे धरा, नाहीतर इच्छा असूनही छोट्या दवाखान्यातला सर्जन तो वेळ देणार नाही. अपंगत्वाचे टक्के ठरवायच्या सरकारी नियमांत न्यूरोमाचा उल्लेख आहे, त्यासाठी जादा टक्के धरायची तरतूद आहे, म्हणजे कागदावर सरकारला हे दुखणं मान्य आहे. मग ते बरं करायला पैसे का नकोत?

आणि वाचकांना सांगायचंय. घरात कोणाला अशी जखम झाली आणि हाड उघडं दिसत असेल तर ऑर्थोच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा, प्लास्टिक सर्जनला कधी दाखवायचं? अपमान होईल वगैरे मनात आणू नका, चांगले डॉक्टर स्वतःच बोलावतात. पाय कापायचा ठरला तर सही करायच्या आधी विचारा, नर्व्हचं काय करणार? आणि ज्यांचा आधीच कापलाय, चार वर्षं झाली असोत नाहीतर दहा, आणि टिचकी मारल्यावर करंट बसतो, त्यांनी ससून, केईएम, जे.जे., सायन, नायर, नागपूरचं मेडिकल यांच्यापैकी जे जवळ पडेल तिथल्या प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत जुने कागद घेऊन जावं. उशीर झालाय म्हणून काही होणार नाही असं नसतं, वर्षानुवर्षं दुखणाऱ्यांचंही ऑपरेशन होतं.

संपादक साहेब, दरवर्षी १५ जुलैला प्लास्टिक सर्जरी दिन असतो. यंदा त्या आठवड्याच्या पुरवणीत राज्यातल्या कोणत्या सरकारी दवाखान्यात हा विभाग चालू आहे, ओपीडी कोणत्या वारी असते आणि योजनेत बसायला कोणते कागद लागतात, एवढी यादी छापा. आमच्याकडे तुमचा पेपर एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, साखर कारखान्याच्या गेटवर वाचला जातो, अशी यादी लोक कापून ठेवतात.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
बार्शी, जि. सोलापूर